ड्वार्फ सिक्लिड: आधी जात ओळखा, मग नर-मादी

लातूरला माझ्या टाकीत आलेली, सिक्लिड कुळातल्या बुटक्या (ड्वार्फ) शोभेच्या माशांपैकी अ‍ॅपिस्टोची पहिली 'जोडी' दोन नरांची होती. हे मला कळायला पाच महिने लागले. मोठा, तुऱ्याचा मासा नर आणि त्याच्या निम्म्या आकाराचा, फिकट पिवळसर मासा मादी, असं दुकानदारानं सांगितलं आणि मीही ते मानलं. एके रात्री झाकण थोडं उघडं राहिलं आणि मोठा नर उडी मारून बाहेर पडला. सकाळी तो फरशीवर सापडला. पुढच्या तीन आठवड्यांत माझ्या 'मादी'च्या पाठीवरचे काटे लांबायला लागले, शेपटीला दोन टोकं आली, लाल ठिपकेही उमटले. ती मादी कधीच नव्हती. मोठ्या नराच्या धाकात मादीचं रूप घेऊन राहिलेला तो लहान नर होता. कॅकाटुऑइडिस या जातीत हा प्रकार नेहमीचा आहे, पण तेव्हा मला तो सांगणारं कोणी नव्हतं.

मराठवाड्यात हे मासे आता बऱ्याच जणांच्या टाकीत दिसतात. मात्र पाहून शिकावं असे जाणकार आसपास मोजकेच, आणि मासे मुंबई-पुण्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरकडून थर्माकोलच्या खोक्यात रात्रभर प्रवास करून येतात. म्हणून मी जे धडपडत शिकलो ते इथे क्रमानं लिहितो आहे. क्रम मोडू नका. जात ठरवल्याशिवाय नर-मादी ठरवता येत नाही, कारण एका जातीत जी नराची खूण असते तिला दुसऱ्या जातीत काहीच अर्थ नसतो.

१. काय काय जवळ हवं

पारदर्शक प्लास्टिकचा चपटा डबा किंवा काचेचं अरुंद भांडं, ज्यात मासा आडवा राहील पण फार वळू शकणार नाही. मऊ जाळी. बरा कॅमेरा असलेला मोबाईल. साधी पांढऱ्या उजेडाची बॅटरी. डब्यामागे चिकटवायला आलेखाचा कागद, म्हणजे लांबी मोजता येते. थर्मामीटर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर आणि एक वही. वही टाळू नका. पंधरा दिवसांपूर्वी मासा कसा दिसत होता हे डोक्यात राहत नाही.

कागदपत्र म्हणाल तर एकच: दुकानाची पावती, त्यावर माशाचं शास्त्रीय नाव लिहून घेतलेली. दुकानदाराला ते माहीत नसेल तर ज्या यादीवरून त्यानं माल मागवला त्या यादीचा फोटो मागा. 'मिक्स अ‍ॅपिस्टो' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढची सगळी मेहनत तुमच्यावर आहे असं समजा.

२. दुकानात जोडी ठरवू नका

"जोडी आहे भाऊ, डोळे झाकून न्या." हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. दुकानदार खोटं बोलतो असं नाही, बहुतेकदा त्यालाही ते वरूनच सांगितलेलं असतं. पण प्रवासानं दमलेला मासा रंग टाकतो, पर (फिन) मिटून कोपऱ्यात बसतो, आणि त्या अवस्थेत भल्याभल्यांना नर-मादी सांगता येत नाही. त्यात दुकानातले निळे-जांभळे दिवे. त्या उजेडात प्रत्येक रॅम (हाही एक ड्वार्फ सिक्लिड) सुंदर आणि प्रत्येक पोट गुलाबी दिसतं. खिशातली बॅटरी काढून पांढऱ्या उजेडात मासा पाहा.

उलट बाजूचीही काळजी घ्या. लहान वयातच भडक रंगलेले मासे हार्मोन देऊन रंगवलेले असू शकतात. अशा माशांत मादीही नरासारखी दिसते आणि पुढे अंडी धरत नाही. दीड इंचाच्या आतल्या पिल्लांचा रंग डोळ्यांत भरत असेल तर मी ती घेत नाही.

माझा सल्ला: परवडत असेल आणि जागा असेल तर जोडी न घेता पाच-सहा तरुण मासे एकत्र घ्या आणि ते घरी मोठे होऊ द्या.

३. आधी पाणी, मग ओळख

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि ते जड असतं. माझ्या बोअरचा टीडीएस उन्हाळ्यात ९०० च्या वर जातो. दक्षिण अमेरिकेतले अ‍ॅपिस्टो आणि रॅम मऊ पाण्यातले. अशा जड पाण्यात ते जगतात, पण रंग उघडत नाहीत, आणि रंग-पट्टे उघडले नाहीत तर ओळखायचं कशावरून? मी जारचं आरओ पाणी आणि बोअरचं पाणी मिसळून टीडीएस २०० च्या खाली आणतो. त्यात देशी बदामाची दोन वाळलेली पानं टाकतो. पाणी चहासारखं होतं, मासे त्यात बिनधास्त फिरतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी मी टाकी रिकामी करून मासे दुसऱ्या गावच्या मित्राला दिले होते. माणसांना पाणी नसताना टाकी भरून ठेवणं मनाला पटलं नाही. तेव्हापासून मी लहान टाकी आणि मोजके मासे एवढंच ठेवतो. टाकीतून काढलेलं पाणी कुंड्यांना जातं, तुळस जोमात आहे.

जारवर खर्च करायचा नसेल तर दुसरा रस्ता आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचं पाणी मुळातच जड असतं. तिथले शंखात राहणारे छोटे सिक्लिड आपल्या बोअरच्या पाण्याला जवळचे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

नवे मासे टाकीत सोडल्यावर किमान दहा दिवस काही ठरवू नका. आडोशाला नारळाच्या करवंट्या ठेवा, वर तीन-चार डॅनिओ सोडा. वर निवांत पोहणारे मासे दिसले की खालच्या लाजऱ्या माशांना धोका नाही असं वाटतं आणि ते बाहेर येतात.

४. फोटो काढायची पद्धत

मोबाईल काचेला जवळजवळ टेकवून, माशाच्या बरोबर बाजूनं. वरून किंवा तिरपा काढलेला फोटो कामाचा नाही. प्रत्येक माशाचे किमान तीन फोटो हवेत: शांत असताना, खाताना किंवा भांडताना, आणि रात्री दिवा लावल्या-लावल्या. सिक्लिडचे पट्टे मनःस्थितीप्रमाणे बदलतात. दिवसा आडवा पट्टा दाखवणारा मासा रात्री उभे पट्टे दाखवतो. एकाच फोटोवरून जात ठरवणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही अनुभवी असो.

सहज जमलं तर नाकाकडेही बघा. बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडला एकच. फोटो मोठा करून पाहिलं की दिसते. नाथसागराची चिलापी बाजारातून आणली तर तिच्यावरही हे पाहता येईल, ती याच कुळातली. आफ्रिकेतून आलेली चिलापी सोडली तर भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, आणि ते दक्षिणेकडचे. त्यातला नारिंगी क्रोमाइड कधीकधी आपल्या दुकानांत येतो. त्याची नर-मादी बाहेरून ओळखता येणं फार अवघड.

५. जात ओळखा

इथे घाई करू नका. मी हे तीन प्रश्नांत विभागतो.

पहिला प्रश्न: हा खरंच ड्वार्फ आहे का? मोठ्या सिक्लिडची पिल्लं ड्वार्फ म्हणून विकली जातात. सगळ्यात जास्त फसवतो कन्व्हिक्ट. राखाडी अंगावर आठ-नऊ ठळक उभे काळे पट्टे दिसले तर तो कन्व्हिक्ट समजा. तो चार-पाच इंचांचा होतो आणि टाकीतल्या बाकीच्यांना जगू देत नाही.

दुसरा प्रश्न: कोणता गट?

रॅम ओळखायला सोपा. आखूड, उंच अंग, डोळ्यातून खाली जाणारी काळी उभी रेघ, पाठीवरच्या पराचे पहिले काटे काळे, अंगाच्या मध्यावर काळा ठिपका, सगळीकडे निळ्या टिकल्या. हा मायक्रोजिओफेगस रामिरेझी. व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला हा मासा, १९४८ साली त्याला हे नाव मिळालं. अंगावर निळ्या टिकल्या नाहीत, रंग राखाडी-पिवळट आहे, शेपटीची दोन्ही टोकं लांब आणि लालसर आहेत, तर तो बोलिव्हियन रॅम, म्हणजे अल्टिस्पिनोसस. तो जरा मोठा होतो, काटकही आहे. आपल्या पाण्यात मला तो जास्त पटतो. सोनेरी, इलेक्ट्रिक ब्लू, बलून ही वेगळ्या जातींची नावं नाहीत. ते सगळे रामिरेझीचेच माणसानं घडवलेले प्रकार. बलून घेऊ नका असं मी मनापासून सांगतो, त्याचा कणा वाकवून तो गोल आकार आणलेला असतो.

क्रिब लांबट असतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद आडवा पट्टा असतो. नाव पडलं कॅमेरूनच्या क्रिबी गावावरून, पण दुकानात मिळतो तो जवळजवळ नेहमी पेल्विकाक्रोमिस पल्चर.

बाकी राहिला अ‍ॅपिस्टोग्रामा. खरी परीक्षा इथेच आहे, कारण या वंशात ९० च्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येकींच्या माद्या एकसारख्या पिवळ्या दिसतात.

तिसरा प्रश्न मग अ‍ॅपिस्टोची नेमकी जात. रंग विसरा. रंग पैदासकार बदलतात, काळ्या खुणा सहसा बदलत नाहीत. खालच्या क्रमानं बघा.

शेपटीचा आकार. वाढ झालेल्या नराच्या शेपटीला वर-खाली दोन टोकं असतील आणि पाठीवरचे पुढचे काटे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे सुटे उभे असतील, तर कॅकाटुऑइडिस. नावाचा अर्थच काकाकुवासारखा असा आहे. शेपटी भाल्याच्या पात्यासारखी मध्ये टोकदार असेल तर अगॅसिझाय. शेपटी गोल, पाठीवरचा पर शिडासारखा उंच पण काटे सुटे नाहीत, तोंड पिवळं आणि अंग निळसर, तर बोरेली. बोरेली लहानखुरा आणि थंडी सोसणारा. डिसेंबरमध्ये हीटर बंद पडला तरी तो तग धरतो.

मधला आडवा पट्टा. तो शेपटीच्या बुडाशी थांबतो की शेपटीत शिरतो? अगॅसिझायमध्ये तो शेपटीच्या आत टोकापर्यंत जातो, आणि मादीतही जातो. माद्या ओळखायला याच्याइतकी उपयोगी खूण मला दुसरी मिळालेली नाही.

पोटाच्या बाजूच्या रेघा. मधल्या पट्ट्याखाली बारीक समांतर रेघा असतील तर कॅकाटुऑइडिसची शक्यता वाढते. छातीच्या पराजवळून तिरकी खाली गुदपराकडे उतरणारी एकच ठळक रेघ असेल तर ट्रायफॅसिएटा.

'व्हिएहिता' नावानं मासा मिळाला तर सावध राहा. त्या नावाखाली विकले जाणारे मासे बहुतेकदा मॅकमास्टरी असतात. दोन्ही कोलंबियातले, दोन्हींच्या शेपटीला लाल किनार. अशा वेळी मी वहीत 'मॅकमास्टरी गट' एवढंच लिहितो. अर्धवट माहितीवर पक्कं नाव लिहिण्यापेक्षा गटाचं नाव लिहिलेलं बरं, कारण चुकीच्या नावावर पुढे चुकीच्या जातीशी जोडी लागते आणि संकरित पिल्लं बाजारात जातात.

६. आता नर-मादी, जातीप्रमाणे

रॅम. मादीचं पोट गुलाबी-लाल, आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळ्या टिकल्या. नराचा ठिपका बहुतेकदा कोरा काळा. नराच्या पाठीवरचा दुसरा काटा लांब वाढतो, पण पैदाशीच्या माशांत माद्यांचेही काटे लांब येतात, म्हणून एकट्या काट्यावर जाऊ नका. इलेक्ट्रिक ब्लूमध्ये काळा ठिपका जवळजवळ दिसतच नाही, तिथे फक्त पोटाचा रंग आणि अंगाची ठेवण उरते. बोलिव्हियन रॅममध्ये मादीचं पोट असं गुलाबी होत नाही. नर मोठा, शेपटीची टोकं लांब, एवढीच खूण, आणि ती वय झाल्यावरच.

क्रिब. नवशिके हमखास उलटं समजतात, कारण इथे मादी जास्त रंगीत. लहान, गोलसर, पोट पिकल्या चेरीसारखं जांभळट लाल. नर लांब, सडपातळ. पाठीवरच्या आणि गुदाच्या परांची मागची टोकं बघा: टोकदार असतील तर नर, गोल असतील तर मादी. नराच्या पोटावरही फिकट लाली येते. लाली पाहून मादी ठरवलेले दोन नर मी एकदा सहा आठवडे एकत्र ठेवले होते. एकाचे पर पार फाटले तेव्हा डोळे उघडले.

अ‍ॅपिस्टो. वाढ पूर्ण झाल्यावर फरक उघड असतो. कॅकाटुऑइडिसचा नर ८ सेंटिमीटरच्या आसपास, मादी जेमतेम ५. मादी विणीवर आली की लिंबासारखी पिवळीधमक होते आणि काळ्या खुणा ठळक होतात. अडचण येते ती तरुण माशांत. तिथे पोटाचे पर बघा. बऱ्याच जातींत मादीच्या पोटाच्या पराची पुढची कड काळी असते, पाठीवरच्या पहिल्या काट्यांतही काळं येतं. नराचे पोटाचे पर लांब आणि टोकाला निमुळते.

तरीही दबून राहिलेला नर या सगळ्या खुणांना चकवतो. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्या नराला तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं, तोही त्याला दिसणार नाही असा. धाक गेला की लपलेला नर वाढायला लागतो. खरी मादी मादीच राहते.

शंखवाले. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस आणि सिमिलिस हे दोघे एकमेकांच्या नावानं विकले जातात. सिमिलिसचे उभे पट्टे डोक्यापर्यंत पुढे येतात, मल्टिफॅसिएटसचे डोक्यामागेच थांबतात. नर-मादीत रंगाचा फरक नाही, नर फक्त मोठा. सहा-आठ मासे आणि दुप्पट शंख टाका, ते आपलं आपण ठरवतात.

७. विणीच्या वेळची खूण

बाकी सगळं धूसर असेल तर ही खूण पक्की. अंडी द्यायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली छोटी नळी बाहेर दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. यासाठी मासा हातात धरू नका, पोट दाबू तर नकाच. चपट्या डब्यात दोन मिनिटं ठेवा, खालून-बाजूनं फोटो घ्या आणि परत सोडा.

अंडी दिली म्हणजे जोडी जमली, असंही नाही. दोन माद्या एकत्र राहिल्या तरी अंडी देतात, एकटी मादीही देते. ती अंडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी पडतात. आपल्याकडे मात्र खऱ्या जोडीचीही अंडी पांढरी पडू शकतात, कारण जड पाण्यात मऊ पाण्याच्या माशांची अंडी नीट फळत नाहीत. म्हणून 'दोन्ही माद्याच' असा निष्कर्ष काढण्याआधी एकदा टीडीएस खाली आणून बघा. मी एक चांगली जोडी याच गैरसमजापोटी मोडली होती.

८. पिल्लं वाढवणाऱ्यांसाठी, विशेषतः उन्हाळ्यात

अ‍ॅपिस्टोमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे बऱ्याच अंशी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. रोमर आणि बायझेनहेर्झ यांनी १९९६ साली हे बऱ्याच जातींत दाखवलं: पाणी गरम तर नर जास्त, थंड तर माद्या जास्त. पाण्याच्या आम्लतेचाही परिणाम होतो. क्रिबमध्ये आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात.

आता आपला एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४२ अंश, टाकीत ३१-३२. माझी मे महिन्यातली एक वीण जवळजवळ सगळी नरांची निघाली आणि आपण नर-मादी ओळखायला चुकतोय असं वाटून मी महिनाभर फोटो काढत बसलो. ओळख बरोबर होती, तापमान चुकलं होतं. आता मी कॅकाटुऑइडिसची वीण दिवाळीनंतर घेतो आणि टाकी २५-२६ अंशांवर ठेवतो. उन्हाळ्यातच पिल्लं झाली तर झाकणाऐवजी बारीक जाळी लावून पाण्यावरून टेबल फॅन सोडा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी झपाट्यानं आटतं, भर घालताना जारचंच घाला. बोअरचं घातलंत तर क्षार साठत जातात. लोडशेडिंगच्या वेळी फॅन बंद पडतो, तेव्हा गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगत ठेवतो. एका वेळी एकच, तापमान एकदम पडू नये म्हणून.

९. मासा दुसऱ्याला देताना

पिशवीवर चिठ्ठी चिकटवा. माझी शेवटची चिठ्ठी अशी होती: 'कॅकाटुऑइडिस, डबल रेड. वय पाच महिने. २५ अंशांवर वाढवलेले. टीडीएस १८०. तीन माद्या खात्रीच्या, पोटाचे पर काळे. दोन संशयित, मोठ्या नरासोबत होते, तीन आठवडे वेगळे ठेवून बघा.' हे मासे परभणीला गेले. महिन्याभरानं तिकडून फोटो आला. दोन संशयितांपैकी एकाच्या पाठीवर तुरा यायला लागला होता.